उत्तरभागाचा अपेक्षाभंग : ‘मास्टर ऑफ ओरायन ३’ आणि खेळाडूंमधील वाद – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

संगणकावर खेळले जाणारे खेळ हा विषय मराठीत गंभीर समीक्षेच्या कक्षेत फारसा आलेला नाही. नाटक, चित्रपट, कादंबरी यांना समीक्षेची परिभाषा लाभली आहे. त्यांच्या गुणदोषांची चर्चा करण्याची एक परंपरा आहे. खेळांविषयी मात्र जे लिहिले जाते ते बहुधा वेळेचा अपव्यय, अभ्यासाकडे होणारे दुर्लक्ष किंवा व्यसनाधीनता या अंगाने. ही चिंता अनाठायी आहे असे नाही. परंतु एखादा खेळ चांगला का व वाईट का, हा प्रश्न त्या चिंतेतून सुटत नाही. तो प्रश्न खेळाडू आपापसांत मांडत असतात आणि त्यांच्या वादांत पुष्कळदा समीक्षेची बीजे असतात.

या दृष्टीने ‘मास्टर ऑफ ओरायन’ या अवकाशातील साम्राज्यविस्तारावर आधारलेल्या खेळमालिकेचा तिसरा भाग विशेष अभ्यसनीय ठरतो. हा भाग २००३ च्या फेब्रुवारीत प्रकाशित झाला. आधीच्या दोन भागांवर निस्सीम प्रेम करणाऱ्या खेळाडूंनी त्याची सहा-सात वर्षे वाट पाहिली होती. त्यांपैकी अनेकांची घोर निराशा झाली. काहींनी त्याची हिरिरीने बाजू घेतली. हा वाद केवळ आवडीनिवडीचा नव्हता. राज्यकर्त्याने किती गोष्टी स्वतः कराव्यात, किती दुसऱ्यावर सोपवाव्यात आणि सोपवल्यानंतर त्याच्या हाती काय उरावे, हा राज्यव्यवहारातील जुना प्रश्न त्याच्या मुळाशी होता. प्रस्तुत लेखात या वादातील प्रमुख भूमिकांची तपासणी केली असून, तिसऱ्या भागाच्या अपयशाचे कारण अधिकार सोपवण्याच्या कल्पनेत नव्हे तर त्या कल्पनेच्या अपुऱ्या अंमलबजावणीत होते, असे प्रतिपादन केले आहे.

पूर्वपीठिका : पहिले दोन भाग

मालिकेचा पहिला भाग १९९३ मध्ये आला. अमेरिकेतील सिमटेक्स या संस्थेने स्टीव्ह बार्सिया यांच्या नेतृत्वाखाली तो घडवला व मायक्रोप्रोज या कंपनीने प्रकाशित केला. खेळाडू एका वंशाचा अधिपती होतो. एका ग्रहापासून आरंभ करून आकाशगंगेत वसाहती स्थापन करतो, तंत्रज्ञान विकसित करतो, शेजाऱ्यांशी तह वा युद्ध करतो. खेळ पाळीपाळीने चालतो. बुद्धिबळाप्रमाणे एकाची खेळी झाली की दुसऱ्याची होते. घाई नसते, विचाराला वाव असतो.

याच खेळाच्या निमित्ताने एका क्रीडाप्रकाराला नाव मिळाले. ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या अमेरिकन नियतकालिकात १९९३ मध्ये पूर्वपरिचय लिहिताना ॲलन एमरिक यांनी शोध, विस्तार, उपयोजन आणि उच्छेद या चार क्रियांवरून, त्यांच्या इंग्रजी नावांतील ‘एक्स’ या अक्षराचा आधार घेऊन, ‘फोर-एक्स’ ही संज्ञा वापरली. ती पुढे रूढ झाली. हे नाव लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण हेच एमरिक पुढे तिसऱ्या भागाचे प्रमुख रचनाकार झाले. समीक्षकानेच निर्मात्याची जागा घेतल्याचे हे उदाहरण आहे.

पहिल्या भागाची शक्ती त्याच्या मितव्ययी रचनेत होती. प्रत्येक ग्रहाचे उत्पादन पाच पट्ट्यांवर विभागले जाई : जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन. एक पट्टी वाढवली की दुसरी घटते. उद्योगाच्या हव्यासाने पर्यावरणाकडे दुर्लक्ष केले तर साचलेल्या प्रदूषणाचा फटका लोकसंख्येला बसतो. जहाजांचे एका वेळी सहाच आराखडे बाळगता येत; सातवा हवा असेल तर आधीच्यांपैकी एक मोडीत काढावा लागे आणि त्या आराखड्याची सगळी जहाजे त्याबरोबर जात. अशा बंधनांमुळे प्रत्येक निर्णयाला किंमत असे, आणि ती किंमत खेळाडूला तत्काळ दिसे.

दुसरा भाग १९९६ मध्ये आला. त्यात तपशील वाढला. एकेका ताऱ्याभोवती अनेक ग्रह आले, प्रत्येक ग्रहावर एकेक इमारत उभारावी लागू लागली, लोकसंख्येतील एकेक घटक शेतीकडून कारखान्याकडे वा प्रयोगशाळेकडे हलवता येऊ लागला. खेळाडूला स्वतःचा वंश गुणदोषांसह रचता येऊ लागला. संशोधनाच्या बहुतेक टप्प्यांवर उपलब्ध तंत्रांपैकी एकच निवडता येई व उरलेली सोडून द्यावी लागत. हा भाग आजही अनेकांना मालिकेचा उत्कर्षबिंदू वाटतो. परंतु त्यातच एक अडचणही होती. साम्राज्य वीस-तीस ग्रहांचे झाले की प्रत्येक पाळीत तेच ते आदेश देत बसावे लागे. डावाचा आरंभ रोमहर्षक आणि शेवट कारकुनी, अशी त्याची अवस्था होई. ही तक्रार दुसऱ्या भागाचे चाहतेही मान्य करीत.

तिसऱ्या भागाची संकल्पना

दरम्यान बरीच उलथापालथ झाली होती. सिमटेक्स १९९७ मध्ये बंद पडली. मायक्रोप्रोज हॅसब्रो इंटरॅक्टिव्हच्या ताब्यात गेली आणि पुढे हॅसब्रोचा हा विभाग फ्रान्सच्या इन्फोग्राम्सने घेतला. तिसरा भाग घडवण्याचे काम कॅलिफोर्नियातील क्विकसिल्व्हर सॉफ्टवेअर या संस्थेकडे आले. म्हणजे मालिकेचे नाव तेच राहिले, मात्र मूळ कर्ते त्यात उरले नाहीत.

एमरिक यांनी मांडलेली कल्पना धाडसी होती. सम्राट एकेका ग्रहावरील एकेका इमारतीचा विचार करीत नाही; तो धोरण ठरवतो व अंमलबजावणी अधिकाऱ्यांवर सोपवतो. खेळातही तसेच व्हावे. म्हणून प्रत्येक ग्रहावर संगणकाने चालवलेला एक ‘व्हाइसरॉय’, म्हणजे राजप्रतिनिधी, नेमलेला असे. खेळाडूने विकासाचे सर्वसाधारण आराखडे द्यावेत आणि राजप्रतिनिधीने त्यानुसार बांधकाम, उद्योग व सैन्यभरती करावी, अशी योजना होती. सुटी जहाजे हलवण्याऐवजी त्यांची पथके उभारायची होती. खेळाडू कारकून न राहता खऱ्या अर्थाने अधिपती व्हावा, हा उद्देश होता.

या रचनेचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे सम्राटाचे मर्यादित अवधान. प्रत्येक पाळीत खेळाडूला ठरावीक इतक्याच गोष्टींत स्वतः हस्तक्षेप करता यावा, अशी मूळ कल्पना होती. अवधान हीच एक दुर्मीळ संपत्ती मानायची आणि ती कोठे खर्चायची हे खेळाडूने ठरवायचे. आघाडीवरील ग्रहाच्या तटबंदीकडे पाहावे की राजधानीतील असंतोषाकडे, हा निर्णयच खेळाचा गाभा झाला असता. परंतु निर्मितीच्या ओघात ही योजना वगळण्यात आली. प्रकाशनापूर्वीच, २००२ मध्ये, एमरिकही प्रकल्पाबाहेर गेले होते. अवधानाची मर्यादा गेली, राजप्रतिनिधी मात्र राहिले. एका खांबावर उभारलेले छप्पर दुसरा खांब काढून तसेच ठेवावे, असा हा प्रकार झाला.

खेळाडूंमधील वाद : तीन भूमिका

खेळ हाती आल्यावर ज्या भूमिका पुढे आल्या, त्या स्थूलमानाने तीन गटांत मांडता येतात.

पहिली भूमिका निराश खेळाडूंची. त्यांचा मुख्य आक्षेप असा की हा खेळ स्वतःच स्वतःला खेळतो. पाळी संपवण्याची कळ दाबत राहिले तरी साम्राज्य वाढत जाते. खेळाडूने काही केले काय आणि न केले काय, फरक जाणवत नाही. खेळाडूने एखाद्या ग्रहावरील बांधणीचा क्रम बदलला तर राजप्रतिनिधी तो पुन्हा आपल्या मताप्रमाणे फिरवतो. शेजारी राज्ये आज युद्ध पुकारतात, उद्या मैत्रीचा प्रस्ताव धाडतात, परवा पुन्हा युद्ध. या चंचलपणामागे कोणताही हेतू दिसत नाही. पडद्यावर तक्ते आणि आकडे भरपूर, पण कोणत्या आकड्यामुळे काय घडले याचा उलगडा होत नाही. युद्धाची दृश्ये १९९६ मधील दुसऱ्या भागापेक्षाही कमी रंजक आहेत, असे अनेकांचे मत पडले.

दुसरी भूमिका समर्थकांची. त्यांच्या मते निराश झालेले खेळाडू दुसऱ्या भागाचीच सुधारित आवृत्ती मागत होते. नव्या कल्पनेला त्यांनी संधीच दिली नाही. विशाल साम्राज्य चालवणे हे गाव चालवण्याहून वेगळे असते. तेथे प्रवाह ओळखायचे असतात, प्रत्येक विटेचा हिशेब ठेवायचा नसतो. हा खेळ समजायला वेळ लागतो आणि ज्यांनी तो दिला त्यांना त्यात एक निराळीच खोली आढळली, असे हे समर्थक सांगत.

तिसरी भूमिका मध्यममार्गी. खेळ अपुऱ्या अवस्थेत बाजारात आणला गेला, कल्पना चांगली होती पण काम पुरे झाले नाही, असे या गटाचे म्हणणे. कंपनीने प्रकाशनानंतर काही दुरुस्त्या दिल्या. त्यापुढे जाऊन खेळाडूंनी स्वतःच खेळाच्या माहितीसंचांत फेरफार करून संगणकाची वर्तणूक सुधारण्याचा प्रयत्न केला. विकत घेतलेली वस्तू सदोष निघाल्यावर ती परत न करता ग्राहकांनीच वर्षानुवर्षे दुरुस्त करीत बसावे, ही बाब त्या खेळाविषयीच्या आत्मीयतेची साक्ष देते. निर्मात्यांच्या जबाबदारीविषयीही ती प्रश्न उभा करते.

या तीनही भूमिकांत तथ्यांश आहे. मात्र पहिल्या दोन भूमिकांत एक समान गफलत आढळते. निराश खेळाडूंना वाटते की अधिकार सोपवला म्हणून खेळ बिघडला. समर्थकांना वाटते की अधिकार सोपवला म्हणून खेळ श्रेष्ठ झाला. दोन्ही पक्ष अधिकार सोपवण्याच्या क्रियेलाच निर्णायक मानतात. अधिकार कसा सोपवला, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न त्यामुळे बाजूला राहतो.

अधिकार आणि उत्तरदायित्व : एक ऐतिहासिक तुलना

हा प्रश्न समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला आकाशगंगेत जाण्याची गरज नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सारोळे येथे नीरा नदी ओलांडावी लागते. येथून पश्चिमेकडे भोरच्या डोंगराळ मुलखात शिरले की पूर्वीच्या भोर संस्थानचा प्रदेश लागतो. या संस्थानाच्या सचिव घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण हे होत. त्यांचा उदय ज्या परिस्थितीत झाला, ती अधिकार सोपवण्याच्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे.

संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ मध्ये राजाराम महाराजांना महाराष्ट्र सोडून दूर दक्षिणेत जिंजीस जावे लागले. तेथे ते १६९८ पर्यंत राहिले. राजा शेकडो मैलांवर, मधल्या प्रदेशात शत्रूचे सैन्य, एक पत्र पोहोचायला लागणारा दीर्घ काळ. अशा स्थितीत महाराष्ट्रातील राज्यकारभार व लढा स्थानिक अधिकाऱ्यांवर सोपवण्यावाचून गत्यंतर नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब देऊन व्यापक अधिकार देण्यात आले. शंकराजी नारायण, परशुरामपंत, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी आपापल्या क्षेत्रात स्वतंत्र बुद्धीने निर्णय घेतले. जिंजीस प्रल्हाद निराजी यांच्यासाठी ‘प्रतिनिधी’ हे नवे पदही निर्माण करण्यात आले. राज्य टिकले ते बऱ्याच अंशी या विकेंद्रित कारभारामुळे.

येथे अधिकार सोपवणे कमी नव्हते. उलट खेळातील राजप्रतिनिधींपेक्षा या मंडळींना कितीतरी अधिक मोकळीक होती. तरीही राजा आणि प्रतिनिधी यांच्यातील संबंध अर्थपूर्ण राहिले. याची कारणे तीन दिसतात. पहिले, कोणास कोणता अधिकार दिला आहे हे ज्ञात होते. दुसरे, प्रतिनिधींचा स्वभाव व कर्तृत्व निरनिराळे होते. संताजी म्हणजे धनाजी नव्हे, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणास कोठे नेमायचे हा निर्णय म्हणूनच मोलाचा होता. तिसरे, कृतीमागील कारण पत्रव्यवहाराद्वारे विचारता व सांगता येत होते. मतभेद झाले, रुसवे झाले, संताजींच्या बाबतीत तर त्याचा शेवट दुःखद झाला; पण हे सारे माणसामाणसांतील व्यवहार होते आणि त्यांचा अर्थ लावता येत होता. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंतांच्या नावाने सिद्ध झालेल्या ‘आज्ञापत्रा’त राजा, प्रधान आणि किल्ल्यांवरील अधिकारी यांच्या कर्तव्यांचा जो बारकाईने विचार आढळतो, त्यामागे या अनुभवाची शिदोरी असणे स्वाभाविक आहे.

‘मास्टर ऑफ ओरायन ३’ मधील राजप्रतिनिधी या तीनही कसोट्यांवर उणा ठरतो. त्याचा अधिकार कोठे संपतो हे खेळाडूला कळत नाही. दिलेला आदेश तो पाळील की फिरवील याची शाश्वती नसते. सगळे राजप्रतिनिधी एकाच साच्यातले असतात. त्यांना नाव नाही, स्वभाव नाही, म्हणून नेमणुकीचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे, त्याने अमुक निर्णय का घेतला हे विचारण्याची सोय नाही. दुसऱ्या भागात वसाहती व जहाजांसाठी नेमता येणारे नामांकित अधिकारी होते. त्यांचे गुण वेगळे, मागणीचे मोल वेगळे. म्हणजे या दिशेचा धागा मालिकेतच उपलब्ध होता. तो पकडून राजप्रतिनिधींना व्यक्तित्व दिले असते तर तिसऱ्या भागाची कल्पना कदाचित सिद्धीस गेली असती.

म्हणून असे म्हणावे लागते की खेळाडूंचा रोष सत्ता गमावल्याबद्दल नव्हता. सत्ता गमावूनही तिचा हिशेब मिळत नव्हता, त्याबद्दल तो होता. ग्रामसभेत गावकरी सरपंचाला हिशेब विचारतात, तो सगळी कामे त्यांनी स्वतः करावयाची असतात म्हणून नव्हे. कामे दुसऱ्यावर सोपवली आहेत, म्हणूनच विचारण्याचा हक्क महत्त्वाचा ठरतो. उत्तर न देणारा प्रतिनिधी आणि त्याला जाब विचारू न शकणारा सम्राट अशी जोडी जेथे असते, तेथे सम्राटपद नाममात्र राहते.

उत्तरभाग आणि पूर्वकृतीचे ऋण

वादाचे दुसरे अंग उत्तरभागाच्या स्वरूपाशी निगडित आहे. गाजलेल्या कृतीचा पुढील भाग काढताना निर्मात्यापुढे दोन मार्ग असतात. जुनेच अधिक सफाईने द्यावे किंवा नव्याचा शोध घ्यावा. पहिल्या मार्गावर पुनरुक्तीचा दोष पत्करावा लागतो, दुसऱ्यावर अपेक्षाभंगाचा. तिसऱ्या भागाने दुसरा मार्ग निवडला यात गैर काही नव्हते. पण पूर्वकृतीतील कोणती गोष्ट सोडायची आणि कोणती जपायची, याचा विवेक त्यात राहिला नाही.

पहिल्या दोन भागांत वंशांना चेहरा होता. साइलॉन म्हणजे संशोधनात अग्रेसर, डारलॉक म्हणजे हेरगिरीत निष्णात, सक्रा म्हणजे झपाट्याने वाढणारे, सिलिकॉइड म्हणजे कोणत्याही ग्रहावर तग धरणारे. बुद्धिबळात उंट तिरकाच चालतो हे माहीत असल्यामुळे पुढचा डाव रचता येतो. तसेच येथे होते. शेजारी कोण आहे हे कळले की धोरण ठरत असे. तिसऱ्या भागात काही जुने वंश वगळले गेले, नवे आले. पण जे राहिले त्यांच्याही वागणुकीतून त्यांचा स्वभाव ओळखू येत नाही, ही तक्रार वारंवार झाली. तपशिलाचे ओझे कमी करणे ही खेळाडूंची खरी मागणी होती. ओझे कमी करताना ओळखही पुसली जावी, अशी मागणी कोणीच केलेली नव्हती.

यासंदर्भात समीक्षक-निर्मात्याचा मुद्दा पुन्हा विचारात घ्यावा लागतो. एमरिक यांनी पहिल्या भागाचे मर्म अचूक ओळखले होते. टॉम ह्यूज यांच्यासह त्यांनी त्याचे मार्गदर्शक पुस्तकही लिहिले होते. तिसऱ्या भागाच्या घडणीच्या काळात ते आपले विचार खेळाडूंसमोर उघडपणे मांडत होते. त्यामुळे खेळ हाती येण्यापूर्वीच त्याचे एक आदर्श चित्र खेळाडूंच्या मनात तयार झाले. प्रत्यक्षातला खेळ त्या चित्राशी ताडून पाहिला जाणे अपरिहार्य होते. अपेक्षाभंगाची तीव्रता केवळ खेळाच्या दोषांवरून मोजता येत नाही. जाहीर केलेली कल्पना आणि विकलेली वस्तू यांतील अंतर त्यात मोजावे लागते. कल्पना मांडणारा मध्येच बाजूला झाला, तरी त्याने जागवलेली अपेक्षा खेळाडूंकडे राहिलीच.

योगायोग असा की, त्याच वर्षी मार्चमध्ये स्टारडॉक या संस्थेचा ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स’ हा याच प्रकारातील खेळ आला. त्याचा आवाका तुलनेने लहान होता. परंतु संगणकीय प्रतिस्पर्ध्यांच्या सुसंगत वागणुकीबद्दल त्याची प्रशंसा झाली. समोरचा विचार करून खेळतो आहे, ही जाणीव त्या खेळाने दिली. ‘मास्टर ऑफ ओरायन ३’ ने नेमकी तीच दिली नव्हती.

वादाचे नंतरचे फलित

एखाद्या वादाचे मोल तो मिटला का यावरून ठरवणे योग्य नाही. त्यातून पुढे काय निष्पन्न झाले, हे पाहावे लागते. अटारीच्या दिवाळखोरीनंतर मालिकेचे हक्क २०१३ मध्ये वॉरगेमिंग या कंपनीने घेतले आणि अर्जेंटिनातील एनजीडी स्टुडिओजने घडवलेली नवी आवृत्ती २०१६ मध्ये प्रकाशित झाली. ती बव्हंशी दुसऱ्या भागाच्या वळणावर गेली. तिसऱ्या भागातील प्रयोग पुढे नेण्याऐवजी तो घडलाच नव्हता असे मानून मागे वळणे, हा सोयीचा मार्ग होता. त्या आवृत्तीने जुन्या आठवणी जागवल्या. परंतु मोठ्या साम्राज्याच्या उत्तरार्धातील कंटाळ्याचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न दुसरीकडे पुन्हा उभा राहिला. स्वीडनच्या पॅराडॉक्स संस्थेच्या ‘स्टेलारिस’ या २०१६ मधील खेळात आरंभी थेट ताब्यात ठेवायच्या ग्रहांच्या संख्येवर मर्यादा होती. त्यापलीकडचे ग्रह विभाग करून संगणकाच्या कारभारावर सोपवावे लागत. खेळाडूंनी पुन्हा तशाच तक्रारी केल्या : कारभारी शहाणपणाने वागत नाही, त्याची कारणे कळत नाहीत, आपल्या साम्राज्यात आपणच परके होतो. पुढील आवृत्त्यांमध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली व कारभार सोपवणे ऐच्छिक झाले. तेरा वर्षांच्या अंतराने आणि वेगळ्या निर्मात्यांच्या बाबतीत हाच वाद उद्भवावा, यावरून तो एका खेळाच्या तांत्रिक उणिवांपुरता मर्यादित नव्हता हे सिद्ध होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात पाहता हा खेळप्रकार येथे फारसा रुजला नाही, हेही नमूद करावयास हवे. २००० नंतरच्या दशकात सायबर कॅफेत तासाच्या दराने संगणक मिळे; तेथे ‘काउंटर-स्ट्राइक’ वा ‘एज ऑफ एम्पायर्स’ यांसारखे मित्रांसह खेळता येणारे आणि एका बैठकीत संपणारे खेळ चालत. दिवसेंदिवस चालणारा एकट्याचा डाव त्या व्यवस्थेत बसणारा नव्हता. मात्र आज संगणक हे घरातील व कार्यालयातील साधन झाले आहे आणि निर्णय यंत्रावर सोपवण्याचे प्रसंग खेळापुरते उरलेले नाहीत. कर्जाचा अर्ज, प्रवेशाची यादी, पिकाचा विमा अशा व्यवहारांत संगणकप्रणालीचा वाटा वाढत आहे. अर्ज नामंजूर झाला, कारण मात्र कळले नाही, अशी स्थिती जेथे येते तेथे नागरिकाची अवस्था २००३ च्या त्या खेळाडूहून फारशी निराळी नसते. खेळाडू वैतागून संगणक बंद करू शकत होता. नागरिकाला ती सोय नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ‘मास्टर ऑफ ओरायन ३’ चे अपयश अधिकार सोपवण्याच्या कल्पनेचे अपयश नव्हते. दुसऱ्या भागातील कारकुनी कामाच्या ओझ्यावर ती कल्पना एक योग्य उत्तर होती. दुसरी, त्या कल्पनेस अर्थ देणारी मर्यादित अवधानाची योजना काढून टाकल्यावर राजप्रतिनिधीची योजना निराधार झाली. तिसरी, राजप्रतिनिधीस ज्ञात अधिकार, वेगळे व्यक्तित्व आणि उत्तरदायित्व यांपैकी काहीच नसल्यामुळे खेळाडू अधिपती न होता प्रेक्षक झाला. चौथी, निराश खेळाडू आणि समर्थक या दोघांच्याही भूमिका अंशतः योग्य असल्या, तरी अधिकार सोपवण्याची पद्धत हा खरा मुद्दा दोघांच्याही नजरेतून बव्हंशी निसटला.

या वादात भाग घेणारे खेळाडू व्यावसायिक समीक्षक नव्हते. तरीही एका आवडत्या कृतीचा पुढील भाग आपल्याला का भावला नाही, हे शब्दांत मांडण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला, आणि काहींनी तर हाती घेऊन तो दुरुस्तही केला. नाट्यगृहाबाहेर चहाच्या पेल्याबरोबर होणाऱ्या चर्चेने मराठी नाट्यसमीक्षेला जसे बळ दिले, तसे बळ अशा वादांतून खेळांच्या समीक्षेलाही मिळू शकेल. त्यासाठी खेळ हा केवळ वेळ घालवण्याचा प्रकार आहे, हा ग्रह सोडून त्यातील निर्णय, बंधने आणि परिणाम यांचा परस्परसंबंध तपासण्याची सवय लावून घ्यावी लागेल. ‘मास्टर ऑफ ओरायन ३’ हा खेळ आज फारसे कोणी खेळत नसेल. परंतु सोपवलेल्या सत्तेचा हिशेब कोणी कोणास द्यावा, हा त्याने अनवधानाने उभा केलेला प्रश्न अभ्यासकांनी पुढे न्यावा, इतका तो निश्चितच महत्त्वाचा आहे.